साठच्या काट्यावरची थरथर

३ नोव्हेंबर २०२४ ला भाऊबीज होती. अण्णांना शेजारी बसवून मी आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीने नाशिकहून पिंपळगाव बसवंतला भावाकडे निघाले होते. आडगाव मागे पडले, दहावा मैल आला, वेगाचा काटा साठाच्या किंचित पुढे सरकला आणि स्टिअरिंग असे थरथरू लागले की हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. वेग पन्नासवर आणला की सारे शांत होई आणि पुन्हा साठ गाठले की पुन्हा तेच. ओझरपर्यंत मी रस्त्याला दोष देत होते. परतीच्या वाटेवर, पलीकडच्या बाजूने येतानाही थरथर तशीच राहिली, तेव्हा दोष गाडीचाच आहे हे मान्य करावे लागले.

ही थरथर शोधून काढायला मला आठ आठवडे आणि १६,८५० रुपये लागले. त्यांतले निदान तीन आठवडे आणि काही पैसे निव्वळ माझ्या उतावळेपणाने गेले. जुनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना हा खटाटोप क्रमाने वाचायला मिळावा म्हणून वहीतल्या नोंदी समोर ठेवून लिहीत आहे.

गाडी अण्णांची आहे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला असताना त्यांनी ती घेतली. बनावट १९८९ ची, नोंदणी १८ जानेवारी १९९० ची, आणि एमएच-१५ ही मालिका तेव्हा नवी कोरी होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. त्या हिशोबाने आमची मुदत १७ जानेवारी २०२५ ला संपत होती. (व्हिंटेज म्हणून निराळी नोंद करता येते, पण त्यासाठी गाडीचे वय पन्नासपेक्षा जास्त लागते, आणि आमची तेव्हा जेमतेम पस्तिशीची होती.) थरथरणारी गाडी तपासणीला न्यायची माझी तयारी नव्हती. कामाला मुदत अशी आपोआपच लागली.

९ नोव्हेंबरला घराजवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथे चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून दिले. खर्च ७५० रुपये, फरक शून्य. मग कोणीतरी म्हणाले, इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकते ती, गेले असेल. मीही विचार न करता होकार दिला. १२ तारखेला फाउंडेशनचे रबर बदलले, त्याचे १,४५० रुपये झाले. गाडी उभी असताना इंजिनाची धडधड थोडी कमी झाली, परंतु साठच्या काट्यावरची थरथर होती तिथेच राहिली. थरथर धावताना येते, उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून पाहिला तरी येत नाही, एवढी एक गोष्ट मी आधी तपासली असती तर ते १,४५० रुपये वाचले असते.

पुढचा आठवडा निवडणुकीच्या कामात गेला. मी शिक्षिका असल्याने २० नोव्हेंबरच्या मतदानासाठी माझी नेमणूक होती. त्या दिवसांत माझा भाचा घरी आला होता. तो तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याने माझी कर्मकहाणी ऐकून घेतली आणि विचारले, "मावशी, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती वेळा हलते ते मोजलंस का?" मी काहीच मोजले नव्हते.

आम्ही अंगणातच मोजायला बसलो. टायरवर आणि खालच्या फरशीवर खडूने खूण केली, गाडी हाताने ढकलून चाकाचा एक फेरा पूर्ण केला आणि टेप लावला, तर अंतर भरले १ मीटर ८५ सेंटिमीटर. ताशी साठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, म्हणून चाकाचे मिनिटाला साधारण ५४० फेरे होतात, सेकंदाला नऊ. मग मागचे एक चाक जॅकने उचलले, दुसरे जमिनीवर पाचर लावून ठेवले, गिअर न्यूट्रलला टाकला आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवले. भाचा खाली पडून प्रोपेलर शाफ्टवरची, म्हणजे इंजिनाकडून मागच्या चाकांकडे फेरे नेणाऱ्या लांब दांड्यावरची, खडूची खूण मोजत होता. चार फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी, असे त्याने सांगितले. दुसरे चाक अडवून ठेवले की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना फेरे वाटून देणाऱ्या गिअरांच्या संचामुळे) हा दोन फेऱ्यांचा हिशोब येतो. सरळ जाणाऱ्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट तेवढाच, म्हणजे सुमारे ४.३ वेळा फिरतो. साठच्या वेगाला चाक सेकंदाला नऊ वेळा आणि शाफ्ट एकोणचाळीस वेळा फिरतो, हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. पुढचे सगळे निदान त्या दोन आकड्यांवर झाले.

२४ नोव्हेंबरच्या रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, आम्ही तिघे ओझरच्या बाजूला गेलो. भाच्याने मोबाइलमध्ये कंपने मोजणारे एक अॅप घेतले होते. फोन त्याने पुढच्या दोन सीटच्या मधोमध पत्र्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवला. नुसता ठेवला तर फोन स्वतःच नाचतो आणि आकडे खोटे येतात. साठचा वेग स्थिर धरला तेव्हा आलेखात दोन सुळके उभे राहिले, एक नऊपाशी आणि दुसरा एकोणचाळीसच्या आसपास. मी एक समजून बसले होते, ती दुखणी दोन होती. त्यांतले एक हाताला कळत होते आणि दुसरे बुडाला. स्टिअरिंगची थरथर साठ ते अडुसष्टच्या दरम्यान येई आणि पंचाहत्तरच्या पुढे विरून जाई. बुडाला आणि पायांच्या तळव्यांना जाणवणारी घरघर अठ्ठावन्नपासून सुरू होई आणि वेगाबरोबर वाढतच जाई. अण्णा मागच्या सीटवर हात टेकून बसले होते. ते म्हणाले, "हे चाक नाही. हे खालून येतंय, मधून." ८३ व्या वर्षी त्यांच्या तळहाताने फोनच्या आधी निदान केले होते, हे नमूद करायला हवे.

मग एक साधी चाचणी केली. पद्मिनीचा चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे एकोणचाळीसचा सुळका इंजिनाचा की शाफ्टचा हे टॉपमध्ये ओळखता येत नाही. म्हणून साठचाच वेग तिसऱ्या गिअरवर धरला. इंजिनाचा आवाज चढला, सुळका जागचा हलला नाही. नंतर सरळ, रिकाम्या पट्ट्यावर सत्तरच्या वेगात न्यूट्रल करून गाडी आपोआप धावू दिली, तरी घरघर कायम होती. इंजिन आणि क्लच दोन्ही संशयातून सुटले. ही चाचणी करताना किल्ली बंद करू नये आणि मागे वाहन असताना तर मुळीच करू नये.

त्याच दिवशी दुपारी गाडी नाशिकमधल्याच द्वारकेच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात आणि फियाटवर, म्हणजे पद्मिनीसारख्या गाड्यांवर, त्यांचा हात जुना आहे. आमची वही पाहून ते हसले नाहीत, याचे मला बरे वाटले. त्यांनी पुढचे डावे चाक उचलले, टायरशेजारी दोन विटा रचून त्यांवर एक पेन्सिल अशी ठेवली की टोक टायरला जेमतेम टेकेल, आणि चाक हळूहळू फिरवायला लागले. पेन्सिल आणि टायर यांच्यात फट पडत गेली, पुढे पुन्हा मिटली. फट सर्वांत मोठी होती तिथे त्यांनी पट्टी लावली. ती साडेतीन मिलिमीटर भरली.

"ताई, चाक गोलच नाही. मशीन बॅलन्स करून करून काय करणार?"

नक्षी तर शाबूत दिसत होती. चाचांनी टायरच्या बाजूवरचा शेवटचा चार आकडी क्रमांक बोटाने दाखवला. तो २३१५ होता, म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आमची गाडी महिन्यात दोनदा बाहेर निघते आणि बाकीचे दिवस एकाच जागी उभी असते. नायलॉनच्या टायरला अशाने जमिनीला टेकलेल्या बाजूवर चपटेपणा येतो, आणि टायर जुना असेल तर थोडे अंतर धावल्यावरही तो जात नाही. उजवा टायर थोडा बरा होता, तरी दोन्ही बदलायचे ठरवले. रिम मात्र त्याच पेन्सिलीने तपासून घेतली, ती सरळ निघाली. वाकड्या रिमवर नवा टायर चढवणे म्हणजे पैसे पाण्यात.

५.२०-१४ हा आकार आता कोणी दुकानात मांडून ठेवत नाही. मागणी नोंदवून दहा दिवस थांबावे लागले, ट्यूबसह जोडीचे ७,४०० रुपये झाले, ४ डिसेंबरला टायर बसले आणि पुन्हा बॅलन्सिंगचे ३०० दिले. मधल्या काळात पुनर्नोंदणीचे कागद पुढे सरकवले. फॉर्म २५ मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांतच भरता येतो, त्याहून लवकर नाही, आणि उशीर झाला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये जास्तीचे पडतात. २७ नोव्हेंबरला परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज केला, त्या वेळचे शुल्क ५,००० रुपये भरले, पर्यावरण कर निराळा भरला आणि तपासणीसाठी ९ जानेवारीची तारीख घेतली. विमा आणि पीयूसी दोन्ही त्या तारखेला चालू असायला हवेत. आमच्या पीयूसीची मुदत मध्येच संपत होती, ते ऐनवेळी लक्षात आले.

८ डिसेंबरला पुन्हा दहावा मैल. नऊचा सुळका जवळजवळ नाहीसा झाला होता आणि स्टिअरिंग शांत होते. एकोणचाळीसचा मात्र तसाच उभा होता.

आता गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढली. पद्मिनीचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. मध्ये तो सेंटर बेअरिंगवर टेकतो आणि ते बेअरिंग रबरात बसवलेले असते. चाचांनी मला टॉर्च घेऊन खाली यायला सांगितले आणि शाफ्ट मधोमध धरून वर-खाली हलवला. रबर इतके बसले होते की शाफ्ट बोटभर हलत होता. मागच्या क्रॉसच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याच्या) टोपीभोवती लालसर पूड साचली होती, चिमटीत घेतली तर गंजासारखी खरखरीत लागली. ग्रीस आटून आतल्या बारीक सुया घासल्या जात असल्याची ती खूण असते, असे ते म्हणाले. नुसत्या हाताने शाफ्ट फिरवला तर अशा क्रॉसमध्ये खेळ जाणवतोच असे नाही, पूड मात्र नजरेला पडते.

नाशिकमध्ये सेंटर बेअरिंग मिळाले, पण रबर हाताला कडक आणि भेगाळलेले होते, वर्षानुवर्षे पडून राहिलेले. १४ डिसेंबरच्या शनिवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने दादरला आणि तिथून लोकलने कुर्ल्याला गेले. ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनली, त्यामुळे तिचे भाग शोधायला तिथेच जाणे मला उगाच रास्त वाटत होते. सीएसटी रोडवरच्या तिसऱ्या दुकानात मऊ रबराचे बेअरिंग १,१५० ला आणि दोन क्रॉस १,१०० ला मिळाले. दुकानदार म्हणाला, "टॅक्सी गेल्या ताई, आता तुमच्यासारखे शौकीनच येतात." मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हापासून या भागांचा खप उतरत गेला असणार. जाण्या-येण्याचे ४०० रुपये धरले. जुना भाग पिशवीत घालून नेला होता म्हणून बरे, कारण दिसायला सारखी वाटणारी दोन बेअरिंगे मापात निराळी निघाली.

पुढची चूक सर्वस्वी माझी. शाफ्ट उतरवण्याआधी चाचांनी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर, खडूने खुणा केल्या होत्या. १६ तारखेला ते जेवायला गेले असताना मदत म्हणून मी शाफ्ट डिझेलमध्ये धुऊन चकचकीत केला. ग्रीसबरोबर खुणाही गेल्या. चाचा परत आले, शाफ्टकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि फक्त "बरं" म्हणाले. अंदाजाने जोडणी केली आणि १७ ला गाडी बाहेर काढली. पंचेचाळीसच्या वेगालाच खालून अशी कुरकुर सुरू झाली की भाच्याने फोन काढायच्या आत मी गाडी कडेला घेतली. नंतर कसाबसा साठचा वेग धरून नोंद घेतली. एकोणचाळीसचा सुळका खाली बसला होता आणि अठ्ठ्याहत्तरपाशी नवा उभा राहिला होता.

अठ्ठ्याहत्तर म्हणजे एकोणचाळीसची दुप्पट, शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन हिसके. भाच्याला ते पाहून आनंद झाला, मला नाही. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चढउतार उलट करून फेडतो, पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस ज्यांत बसतो ती दुशिंगी टोके) एका रेषेत असावे लागतात. आमचे काटे खाचेत एक-दोन दात सरकून बसले होते, त्यामुळे फेड होतच नव्हती. त्यानंतर मी स्वतः बाजारातून पंच आणून चाचांना दिला. जोडणाऱ्या दोन्ही भागांवर पंचने टिंब मारले की डिझेल काय आणि पेट्रोल काय, ते पुसले जात नाही.

शाफ्ट पुन्हा उतरवला, काटे फळीवर ठेवून रेषेत आणले आणि बॅलन्सिंगसाठी अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला नेला. २१ तारखेला दिला, २४ ला मिळाला, १,८०० रुपये. मुख्यतः ट्रकचे शाफ्ट येणाऱ्या त्या जागी आमचा शाफ्ट काठीसारखा दिसत होता. तिथल्या कारागिराने दोन्ही तुकडे बेअरिंगसह जोडूनच मागितले, वेगवेगळे केले तर जोडल्यावर पुन्हा फरक पडतो. त्याने नळीवरची एक खरवडलेली जागा दाखवली. तिथे पूर्वी वजनाची पट्टी वेल्ड केलेली होती आणि कधीतरी निघून गेली होती. आमच्या नोंदी उलट्या चाळल्या तर २०१९ मध्ये गाडीचा तळ घासून गंजरोधक रंग दिला होता, ते आठवले. त्याच वेळी ती पट्टी गेली की आपोआप निखळली, हे आता कळण्याचा मार्ग नाही. मशीनवर शाफ्ट फिरवून त्याने नव्या दोन पट्ट्या लावल्या, बोटाच्या नखाएवढ्या. इतक्याशा लोखंडासाठी मी महिनाभर धावत होते.

२६ ला शाफ्ट बसला. चाचांनी सगळ्या कामाची मजुरी २,५०० घेतली, दुसऱ्यांदा उतरवण्याचे पैसे मागितले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "पंच ठेवून जा, तोच पुरे." २९ डिसेंबरच्या रविवारी साठ, सत्तर, ऐंशी असे तिन्ही वेग पाहिले. साठला आलेख सपाट होता. ऐंशीला शाफ्टच्या जागी एक लहानसा उंचवटा राहतो, तो तळव्याला जाणवत नाही म्हणून तसाच सोडला आहे.

९ जानेवारीला पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात सकाळी साडेनऊला पोहोचले. चॅसिस क्रमांकावरचा मळ घरीच पुसून कागदावर पेन्सिलने छाप घेऊन ठेवली होती, त्यामुळे रांगेत वेळ गेला नाही. निरीक्षकांनी क्रमांक ताडून पाहिले, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक तपासले आणि गाडी आवारातच थोडी पुढे-मागे घेतली. वेग वीसच्या वर गेलाच नाही. "मॅडम, गाडी छान ठेवली आहे," एवढे ते म्हणाले. दुपारी दोनला मी घरी होते. नव्या नोंदणीचे कार्ड ६ फेब्रुवारीला टपालाने आले, त्यावर मुदत जानेवारी २०३० पर्यंतची आहे.

आता गाडी पंधरा दिवसांतून एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवते, उभी असताना टायरमध्ये हवा दोन-तीन पौंड जास्त ठेवते आणि महिन्यातून एकदा ती हातभर पुढे ढकलून ठेवते, म्हणजे टायरची तीच बाजू खाली राहत नाही. नव्या क्रॉसना ग्रीसचे निपल आहेत, त्यांना पंप मारल्याची तारीख वहीत असते.

मागच्या रविवारी अण्णांना घेऊन पुन्हा पिंपळगावला गेले. ओझर ओलांडले, काटा पासष्टवर होता. अण्णा बराच वेळ कान देऊन बसले होते. मग म्हणाले, "डाव्या दाराची काच खडखडते आहे. आधी ऐकू येत नव्हती."